दोनशे बारा ट्यूबलाइटी

बेंगळुरूत बसवनगुडीच्या आसपासच्या जुन्या मराठी घरांत अशी एक सून सापडायची नाही, जिचं तोंड खंडोजीरावांनी एकदा गुलाबात बसवलं नाही. सत्याऐंशी सालापासून पुढे सतरा-अठरा वर्षं लग्न कुणाचंही असो, व्हिडिओ त्यांचाच. खांद्यावर हंड्याएवढा कॅमेरा, मागे सगळ्यांच्या पायांत येणारी वायर, आणि पुढे तो हॅलोजनचा दिवा, ज्याच्या धगीनं नवरीची पावडर मंगलाष्टकांआधीच गळ्यापर्यंत उतरायची. महिन्याभरानं कॅसेट घरी यायची. आधी गणपती, मग लग्नपत्रिका, मग भला मोठा गुलाब, आणि गुलाबाच्या पोटातून हळूहळू वर येणारी नवरी. बायका टीव्हीसमोर मांडी घालून म्हणायच्या, "अय्यो, खंडोजीअण्णानं काय बाई काढलंय!" लग्नात प्रत्यक्ष नवरीला बघून कुणी एवढं कौतुक केलेलं नसे.

तर अशा या माणसाच्या घरात, गावच्या सगळ्या आयाबहिणी ज्यानं कॅसेटीत भरल्या त्याच्या घरात, स्वतःच्या आईचा एक फोटो नव्हता.

भिंतीवर एक तसबीर होती म्हणा. चंदनाचा हार घातलेली. पण तिची गोष्ट वेगळी. खंडोजीरावांची आई जमनाबाई शहाण्णव साली गेली. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, सहा वर्षांचं पोर पदरात, मग जन्मभर कल्याणमंटपांच्या मुदपाकखान्यात बसून तिनं लोकांच्या लग्नांचे चिरोटे लाटले. तिच्या चिरोट्याला बोट लावलं की पदर सुटत जायचे, असं अजून म्हणतात. तेराव्याला फोटो लावायचा म्हणून ट्रंका उपसल्या, एकही निघाला नाही. मग सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटराला बोलावलं. त्यानं विचारलं, नाक कसं? सरळ. डोळे? मोठे. रंग? गव्हाळ. सरी, म्हणजे ठीक, म्हणाला, आणि चौथ्या दिवशी तसबीर घेऊन आला. साडी पांढरी, कपाळ मोकळं, सगळं रीतसर. पण मान अशी कललेली आणि ओठ असे अर्धवट उघडे, की आता मागे व्हायोलिनं वाजणार आणि बाई झाडाभोवती फिरणार.

खंडोजीरावांची बायको भाग्यलक्ष्मी सासूला इथल्या कानडी रीतीनं अत्ते म्हणायची; त्या दिवशी तसबिरीपुढे उदबत्ती लावताना म्हणाली, "ह्या कोण हो? आमच्या अत्ते माझ्याकडे बघून अशा गोड कधी हसल्या नाहीत. एकदासुद्धा नाही."

"पेंटर तरी काय करणार? त्यानं बघितलीय का आईला?"

"मी बघितलीय ना. चौदा वर्षं."

पण तिथी आली की वाढलेलं ताट त्याच तसबिरीपुढे जायचं. एकोणतीस वर्षं गेली. आणि अलीकडे एक विचित्रच व्हायला लागलं. खंडोजीराव आता एकाहत्तरचे. डोळे मिटून आईला आठवायला बसले की आई यायची नाही, ती पेंटरची बाई यायची. मान कलती करून. पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी डोळे उघडून पुन्हा मिटले, जसं टीव्हीचं चॅनेल बदलावं. पुन्हा तीच. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. बायकोला सांगायची सोय नव्हती, ती "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली असती, आणि तिनं म्हटलं होतंच.

अशात मैत्रेयी आली.

ही पुण्याची मुलगी. इथं येऊन चार वर्षं झालेली, संशोधन करणारी. बेळ्ळंदूरला तिच्या संस्थेचं ऑफिस, आणि वरचे मोठे सर परदेशात. कुणीतरी तिला सांगितलं की एका म्हाताऱ्याच्या माळ्यावर साडेतीनशे कॅसेटी पडल्यात. लोकांना एडिट करून द्यायची ती कॅसेट वेगळी. ही सगळी मूळ चित्रणं, जशी काढली तशी. देऊन टाकलेल्या कॅसेटला बुरशी धरली की घरवाले पुन्हा मागायला येतात, म्हणून खंडोजीरावांनी ती जपून ठेवलेली.

"काका, हे तुमचं आर्काइव्ह आहे ना, ते अमेझिंग आहे," मैत्रेयी माळ्याकडे बघून म्हणाली.

खंडोजीरावांनीही वर बघितलं. त्यांना दिवाळीच्या आकाशकंदिलाचं खोकं दिसलं.

"आम्ही कम्पॅरेटिव्ह काम करतोय. जर्मनीत राहणाऱ्या तुर्की लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी, आणि बेंगळुरूच्या मराठी लोकांच्या. दोन्ही आपला देश सोडून आलेले लोक."

"आम्ही कुठं सोडून आलो?" भाग्यलक्ष्मी कॉफीचा पेला ठेवत म्हणाली. "साडेतीनशे वर्षं झाली इथं. सोडून तू आलीस बाळ."

मैत्रेयीनं हेही वहीत लिहून घेतलं. तिला काहीही सांगा, ती लिहून घ्यायची.

खंडोजीरावांच्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र सुरू झालं. साडेतीनशे कॅसेटी. त्यातल्या निम्म्या लग्नांत आई मागे चिरोटे लाटत होती. कुठंतरी, पंक्तीच्या मागे, दाराच्या फटीत, ती चुकून आली असणारच. आपला व्हीसीआर केव्हाचा बंद, निम्म्या कॅसेटींना बुरशी; आपल्याच्यानं बघून होणार नाही. यांच्याकडे म्हणे माणसाचं तोंड ओळखणारं यंत्र आहे.

"घेऊन जा," ते म्हणाले. "पण मी बरोबर येणार."

बेळ्ळंदूरच्या नवव्या मजल्यावर सगळं होतं. थंड हवा होती, भिंतीएवढा पडदा होता, दर तासाला आपोआप कॉफी देणारी मशीन होती. फक्त व्हीसीआर नव्हता. तेव्हा खंडोजीरावांनी आपलाच, शालीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन, बारशाला बाळ न्यावं तसा सव्वा तास ट्रॅफिकमधून नेला. पट्टा बदलला, जुन्या बनियनच्या फडक्याला स्पिरिट लावून हेड पुसलं, आणि व्हीसीआर गुरगुरायला लागला तशी आजूबाजूची इंजिनिअर मंडळी मोबाइल काढून त्याचेच व्हिडिओ घेऊ लागली. संध्याकाळी खंडोजीरावांच्या गळ्यात फीत घालून एक कार्ड लटकवलं. त्यावर लिहिलेलं, 'कम्युनिटी नॉलेज होल्डर'.

"म्हणजे काय?" भाग्यलक्ष्मीनं घरी विचारलं.

"माहीत नाही. गळ्यात घालायचं असतं."

कामाची तऱ्हा अशी. कॅसेट लावायची, कंप्युटरात उतरवायची, मग मैत्रेयी प्रश्न विचारणार. पहिलाच प्रश्न गुलाबाचा.

"काका, वधूचा चेहरा फुलात का? यामागे स्त्रीत्वाची काही कल्पना?"

"व्हिडिओच्या मिक्सरमध्ये चारच आकार होते," खंडोजीराव म्हणाले. "गुलाब, बदाम, अननसाच्या चकतीसारखं एक चाक, आणि विमान."

"विमान कधी वापरायचा?"

"मुलगा दुबईला असला तर."

मैत्रेयीनं लिहिलं. पुढे तिच्या शोधनिबंधात त्याचं 'वनस्पतीय स्त्रीप्रतिमा आणि उड्डाणशील पुरुषत्व' झालं. अननसाचं काय झालं ते कळलं नाही.

मग संस्थेच्या नीतिनियमांच्या समितीचं पत्र आलं. ज्यांची लेखी परवानगी नाही, त्यांची तोंडं लोकांना दाखवताना पुसून टाका. साडेतीनशे लग्नांतल्या वऱ्हाडाची परवानगी कोण कुठून आणणार? तेव्हा सगळी तोंडं पुसली. नवरी धुरकट, नवरा धुरकट, भटजी धुरकट. सतरा वर्षं ज्या माणसानं घामानं भिजलेली तोंडं स्वच्छ दिसावीत म्हणून जीव टाकला, तो त्या पडद्यापुढे बसून धूर बघत राहिला. आतल्या कंप्युटरात मात्र मूळ जसंच्या तसं होतं, तेवढाच आधार.

तोंड ओळखणारं ते यंत्र चालवणारा निहार नावाचा मुलगा नागपूरचा. जेवणाच्या सुट्टीत खंडोजीरावांनी त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात आईचं सांगितलं.

"काहून नाही सापडणार, अण्णा?" निहार म्हणाला. "एक फोटो द्या फक्त. बाकी मशीन पाहते."

"फोटो असता तर तुला कशाला विचारलं असतं?"

निहारनं डोकं खाजवलं. शेवटी खंडोजीरावांनी भिंतीवरच्या तसबिरीचा मोबाइलवर फोटो काढून आणला. यंत्रानं तो गिळला, अर्धा दिवस चघळला, आणि संध्याकाळी चौदा माणसं काढून दिली. त्यात नऊ वेळा एका मंटपाच्या ऑफिसातलं नटीचं कॅलेंडर होतं. तीन नवऱ्या होत्या. एक साडीच्या दुकानाबाहेरचा पुतळा होता, वरातीत आलेला. आणि चौदावा, ब्याऐंशी टक्के जुळणारा, नादस्वर वाजवणारा एक लांब केसांचा गृहस्थ.

"हा तर आपला मुनियप्पा," खंडोजीराव म्हणाले, आणि पाणी प्यायला उठून गेले. निहार हसणार होता, पण हसला नाही.

त्यानंतर आठवड्यानं मोठे सर पडद्यावर येणार होते. मैत्रेयी आपलं काम त्यांना दाखवणार होती आणि खंडोजीरावांना कार्ड घालून पहिल्या खुर्चीत बसवलं होतं. मैत्रेयी इंग्रजीत बोलत होती. मध्ये मध्ये वळून मराठीत सांगत होती. तिचा मुख्य शोध असा: तुर्की लग्नांत कॅमेरा माणसांना सोडून कुठं जात नाही. बेंगळुरूच्या मराठी लग्नांत मात्र ऐन गर्दीत, काही कारण नसताना, कॅमेरा एकदम वर वळतो आणि भिंतीवरच्या ट्यूबलाइटवर जाऊन थांबतो. चार सेकंद, सहा सेकंद. मग परत खाली. एकूण दोनशे बारा वेळा. याला तिनं नाव दिलं होतं, प्रकाशविराम. त्याच्यावर एक अख्खं प्रकरण लिहून झालं होतं.

पडद्यावर एकामागून एक ट्यूबलाइटी लागल्या. त्या अगदी स्वच्छ दिसत होत्या, कारण ट्यूबलाइटीला परवानगी लागत नाही.

सर काहीतरी म्हणाले. मैत्रेयी वळली. "काका, सर विचारतायत, हा प्रकाश म्हणजे तुमच्या परंपरेत परमात्मा का?"

"ट्यूबलाइट आहे ती."

"हो, पण तुम्ही तिच्याकडेच का वळायचा?"

खंडोजीराव बोलायला गेले आणि थांबले. पडद्यावर त्यांचाच कॅमेरा पंक्तीवरून सरकत होता, आणि एकदम वर उडाला. उडता उडता खालच्या कोपऱ्यातून पांढऱ्या पदराचं एक टोक निसटून गेलं. पुढची ट्यूबलाइट. पुन्हा कोपऱ्यात काहीतरी पांढरं. इतकी वर्षं डोक्याला आठवलं नव्हतं. हात मात्र मांडीवर आपोआप वळला, उजवीकडून वर.

"बायका होत्या त्या," ते म्हणाले.

"कोण बायका?"

"नवरा गेलेल्या. लग्नाच्या कॅसेटीत पांढरं कपाळ यायचं नाही. सुरुवातीला मुलीकडचे कानात येऊन सांगायचे, अण्णा, तेवढं स्वल्प सांभाळा. दोन-चार लग्नांनंतर सांगायला लागलं नाही. हाताला समजलं. अशी बाई समोर आली की कॅमेरा वर. ट्यूबलाइटचा कुणाला राग नाही ना."

मैत्रेयीनं खाली बघत बघत सरांना इंग्रजीत सांगितलं. सरांचा चेहरा उजळला आणि ते भरभर बोलू लागले.

"काय म्हणतात?" खंडोजीरावांनी विचारलं.

मैत्रेयीनं वही मिटून टेबलावर ठेवली. शेवटी निहारच पुटपुटला, "म्हणतात, फारच छान. प्रकरण आणखी लांब करता येईल."

मैत्रेयीनं सरांना सांगितलं की इथं नेट नीट चालत नाहीये, आणि पडदा बंद केला. नेटला काहीएक झालं नव्हतं. मग ती खंडोजीरावांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. पहिल्यांदाच तिच्या हातात वही नव्हती.

"माझी आई पण त्यातच असणार," खंडोजीराव म्हणाले. "मीच फिरवला असणार कॅमेरा. आणि यंत्राला म्हणतो, शोध."

मग निहार म्हणाला, "अण्णा, कॅमेरा वळवायला तुम्हाला किती वेळ लागायचा?"

"हे एवढं." त्यांनी चुटकी वाजवली.

"एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. चुटकीत बारा तरी. तुम्ही तिला पाहिलं म्हणूनच वळले ना? म्हणजे कॅमेऱ्यानंही पाहिलं."

तीन दिवस ते तिघं दोनशे बारा ट्यूबलाइटींच्या अलीकडचं बघत बसले. यंत्र नाही, डोळे. निहार एकेक चित्र मागे सरकवायचा आणि खंडोजीराव ओळखायचे. ही हेमलताअक्का, हिनं स्वतःच्या भाच्याचं लग्न जमवलं आणि खांबामागे उभी राहिली. ही शुभदामावशी, हिच्या हातची रांगोळी पूर्ण कॅसेटभर आहे, ही नाही. ही उल्काबाई, नवरदेवाची आई. हो, खुद्द नवऱ्याची. मैत्रेयीच्या दोनशे बारांच्या यादीत या सगळ्यांपुढे 'कॅमेरा वळण्याचं कारण: काही नाही' असं लिहिलेलं होतं. ती एकेक खोडून नाव घालत गेली. कुठं नुसतं कोपर, कुठं अर्धा कान. खंडोजीराव कोपरावरून माणूस सांगायचे. गळ्यातलं कार्ड एवढ्यापुरतं तरी खरं झालं म्हणायचं.

एकशे एकतिसावी ट्यूबलाइट. एक्याण्णव साल, जेवणाची पंक्ती. चित्र मागे घेण्याआधी निहारनं ती नुसतीच चालवली, आणि त्या दिवशी कुणीतरी आवाज चालू ठेवला होता. लोकांना दिलेल्या कॅसेटीत आवाजावर सिनेमाची गाणी चढवलेली असायची. या मूळ चित्रणात जसं होतं तसं होतं. ताटांचा खणखणाट, वाढप्यांची ओरड, पडद्यावर नुसती ट्यूबलाइट, आणि तिच्याखालून एक जाडा, चिडका आवाज:

"तिकडं कर रे ते डबडं! मला काय दाखवतोस?" आणि मग जरा हळू, "जेवलास का पण?"

पडद्यावर ट्यूबलाइट हलली. हो, एवढी एकच ट्यूबलाइट हललेली होती. खाली एक्याण्णव सालचा खंडोजी म्हणत होता, "जेवतो गं, जा तू."

निहारनं न विचारता चित्र मागे घेतलं. दोनच चित्रांत आली होती ती. एकात निम्मी, दुसऱ्यात बरीचशी. कॅमेरा वळतानाचं, म्हणून एक बाजू ओढलेली, डोक्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. हात वर केलेला, कोपरापर्यंत मैदा. भुवया जवळ आलेल्या. पुढचा एक दात नाही. आणि हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका.

"ठिपका," खंडोजीराव म्हणाले. "ठिपका होता तिला." पेंटरानं नाक विचारलं, डोळे विचारले, हनुवटी विचारली नव्हती, आणि यांना सांगायचं सुचलं नव्हतं. चष्मा काढून त्याच बनियनच्या फडक्यानं पुसत बसले. फडक्याला स्पिरिट होतं, म्हणून डोळ्यांत पाणी, असं म्हणायची सोय झाली.

चित्र घरी न्यायचं तर समितीचा फॉर्म भरायचा होता. चित्रातली व्यक्ती हयात नसेल तर वारसानं भरावा. नातं: मुलगा. एक रकाना असा होता: 'सदर व्यक्तीनं चित्रीकरणास हरकत घेतली होती का?' मैत्रेयी म्हणाली, "काका, 'नाही' लिहा, नाहीतर अडकेल."

खंडोजीराव खोटं लिहिणारे नव्हते. त्यांनी लिहिलं, 'घेतली होती. पण जेवलास का विचारलं.'

समितीनं त्यावर दोन बैठका घेतल्या म्हणे. शेवटी मंजूर झालं.

निहारच्या मनात आलं, अण्णांना जरा चांगलं करून द्यावं. त्यानं ते चित्र दुसऱ्या एका यंत्रात घातलं, जुने फोटो स्वच्छ करणाऱ्या. दहा मिनिटांत चित्र लख्ख झालं. यंत्रानं दात भरला, भुवया सोडवल्या, ठिपका डाग समजून पुसला, मैदा झटकला, आणि शिवाय मान जराशी कलती केली.

खंडोजीरावांनी ते बघितलं. मग घरच्या तसबिरीचा मोबाइलमधला फोटो काढून त्याच्याशेजारी धरला. निहारनं दोन्ही बघितले आणि कपाळाला हात लावला. त्या पेंटराचं आणि या यंत्राचं शिक्षण एकाच शाळेत झालं असावं.

"राहू दे बाळा," खंडोजीराव म्हणाले. "मला ती अस्वच्छच दे."

रविवारी फ्रेम घरी आली. भाग्यलक्ष्मी स्वयंपाकघरात होती. फोडणीचा धूर झालेला. खंडोजीरावांनी काही न बोलता जुन्या तसबिरीशेजारी खिळा ठोकला आणि फ्रेम लावली. आवाज ऐकून ती हात पुसत बाहेर आली, भिंतीकडे बघितलं, आणि तिथंच थबकली. मग पदर डोक्यावर घेतला, आत गेली, आणि गॅस बारीक करून आली.

"काय झालं?" खंडोजीरावांनी विचारलं.

"काही नाही. फोडणी करपली की अत्ते असंच बघायच्या."

ती जवळ जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग तिनंच हातातलं फडकं ओलं करून फ्रेमची काच पुसली, हनुवटीपाशी जरा जास्त.

खंडोजीराव जुनी तसबीर काढायला स्टुलावर चढले.

"ती कशाला काढता?"

"आता हिचं काय काम? ही कोण, कुठली, आपल्याला माहीत नाही."

"अय्यो, उतरा खाली. एकोणतीस वर्षं तिला खीर-पुरी दाखवली. सणाला माळ, तिथीला ताट. एवढं करून कुणाला घराबाहेर काढतात का?" भाग्यलक्ष्मीनं दोन्ही फ्रेमांकडे आळीपाळीनं बघितलं. "राहू दे. अत्तेंना पण तेवढीच सोबत. दिवसभर बोलायला हवं ना कुणीतरी."

त्या महिन्यात तिथी आली तेव्हा दोन ताटं वाढली. एका ताटात चिरोटा जास्त होता.